उतारावरचं जुनं पायऱ्यापायऱ्यांचं घर, ८ गुंठे जागा: घ्यावं का? (कोल्हापूर, पाचगावकडची बाजू)

उतारावरचा | ९ जून, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून धागा काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नागाळा पार्कात फ्लॅटमध्ये राहतो, पहिला मजला. २०१९ ला पाणी पार्किंगमधनं जिन्याच्या चौथ्या पायरीवर आलतं, आईला बोटीतनं काढलं, २०२१ ला परत तेच. तेव्हापासनं जून उजाडला की आई पेपरात आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते, मग राशिभविष्य. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आमच्या पोरीला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. म्हणून यंदा ठरवलं की कायपण होऊ दे, उंचावर जायचं.

गेल्या रविवारी पाचगावच्या बाजूला उतारावर एक घर बघितलं. १९८४ चं बांधकाम, मालक मास्तर होते, आता नाहीत. जागा ८ गुंठे, म्हणजे ८७१२ चौरस फूट. एवढी मोकळी जागा आजकाल बघायलाच मिळत नाही, मागं फणस, दोन आंबे, रामफळ, आणि खाली टोकाला उभं राहिलं की लांबपर्यंत मोकळं दिसतं. घर मात्र विचित्र आहे. रस्त्याच्या पातळीला हॉल आणि स्वयंपाकघर. तिथनं सहा पायऱ्या वर गेलं की दोन बेडरूम आणि सहा पायऱ्या खाली गेलं की एक मोठी खोली आणि अडगळीची खोली, तिचं दार मागच्या बागेत उघडतं. म्हणजे एकमजली म्हणावं तर नाही आणि दुमजली म्हणावं तर तेपण नाही, सगळं अर्ध्या अर्ध्या मजल्यावर. एजंट म्हणाला याला स्प्लिट लेव्हल म्हणतात साहेब, बंगल्यात फॅशन आहे.

सांगतायत १ कोटी ७०. एजंटचं गणित असं की फुटाला दोन हजाराच्या आत जागा पडली, घर फुकट. बायकोला घर आवडलंय. मेव्हणा म्हणतो पाड आणि नवीन बांध. आईचे गुडघे. खालच्या खोलीत एका भिंतीला कमरेएवढी ओल आहे, एजंट म्हणतो वॉटरप्रूफ कलर मारला की विषय संपला. फोटो टाकलेत. काय बघू, काय विचारू, कुणाला दाखवू?

मिरचीकांडप | ९ जून, रात्री ११:३२

पहिलं म्हणजे फणस आहे तर घे. बाकीचं लोक सांगतील.

बिल्डरचा_भाचा | १० जून, सकाळी ६:५०

मेव्हण्याचं ऐका. ४० वर्षांच्या घराला किंमत शून्य, तुम्ही जागा घेताय. पाडा, चार गुंठ्यात स्वतःला बंगला बांधा आणि उरलेले चार विकून बांधकामाचा खर्च काढा. माझ्या मामाने असेच तीन केलेत.

थापी_ओळंबा | १० जून, सकाळी ७:०५

भावा, तुझा तिसरा फोटो मोठा करून बघ. गेटमधनं आत येताना तू दोन पायऱ्या खाली उतरतोयस. आता मला सांग, ८४ साली कुठला गवंडी रस्त्यापेक्षा खाली जोतं घेईल? मास्तरांनी जोतं दीड-दोन फूट वरच घेतलं असणार. घर खाली गेलं नाही, रस्ता वर आला. दर चार-पाच वर्षांनी जुना थर न खरडता त्यावर नवीन डांबर, चाळीस वर्षं. माझा आज्जा गवंडी, बाप गवंडी, मी डिप्लोमा करून साईटवर, तिघांनी मिळून अशी पन्नास घरं तरी बघितली असतील.

आता ती ओल. हॉलच्या खाली काय आहे? भराव. मुरूम टाकून ठोकलेला. आणि खालच्या खोलीची ती ओली भिंत त्या भरावाला पाठ लावून उभी आहे. रस्त्याचं पाणी गेटातनं आत, हॉलच्या जोत्याला लागून जमिनीत, भरावातनं झिरपत खाली, आणि भिंतीतनं खोलीत. तू आतनं वॉटरप्रूफ कलर मारशील, पाणी काय कलर बघून परत फिरणार आहे व्हय? भिंतीतच तुंबणार, क्षार बाहेर येणार, दोन पावसाळ्यात कलर पापडासारखा फुगून पडणार. पाण्याला जिथनं ते येतंय तिथंच अडवायला लागतंय.

एक काम कर. पारदर्शक नळी घे पंधरा-वीस मीटर, पाणी भर, एक टोक रस्त्याच्या कडेला धर आणि एक हॉलच्या फरशीवर. दहा मिनिटात कळतंय कोण किती वर आहे ते. आणि धो धो पाऊस असताना परत जा. छत्री घेऊन बाहेर उभा रहा, आत चहा पीत बसू नको.

खरेदीखत | १० जून, दुपारी १:२०

मी वकील नाही, पण बॉण्ड रायटरकडे वीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे भिंतीचं तुम्ही बघा, मी कागदाचं बोलतो.

मास्तर वारले म्हणालात. वारस किती? सातबारावर वारस नोंद झाली आहे का, फेरफार (नावबदलाची नोंद) मंजूर आहे का? ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवून "नाव लागलंय की" म्हणतील, तो घरफाळ्यासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही. बिनशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउट मागा. ८४ च्या प्लॉटला तो असायला हवा. नसेल तर ते गुंठेवारीचं (मंजुरीशिवाय पाडलेल्या तुकड्यांचं) प्रकरण, त्याला नियमितीकरण झालंय का ते बघायचं. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेचे आधीचे व्यवहार आणि बोजे तपासून) वकिलाकडून घ्या आणि पेपरला जाहीर नोटीस द्या. नोटिशीला लोक घाबरतात की उगाच कुणीतरी उठून येईल. येऊ दे की, इसार देण्याआधी आलेला बरा.

मुलींच्या सह्या आहेत का हे आधी विचारा. "बहिणींचं काही नाही, त्या देतात सही" हे वाक्य मी वीस वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की हसू येतं. हक्कसोडपत्र करून घेतलं असेल तर ते नोंदणीकृत पाहिजे, शंभरच्या स्टॅम्पवर घरी लिहिलेलं चालत नाही. आणि नसेलच केलेलं तर सगळ्या वारसांना खरेदीखतात लिहून देणार, म्हणजे विकणारे, म्हणून घ्या, सगळ्यात स्वच्छ.

शिवाय मोजणी. पैसे भरून सरकारी मोजणी करून घ्या, मोजणीच्या नकाशाची क प्रत हातात आल्याशिवाय ८ गुंठे म्हणू नका.

पुणेकर_सध्या | १० जून, दुपारी ३:४४

मला कळत नाही लोक जुन्या घरांच्या मागे का लागतात. मेंटेनन्स, वाळवी, ड्रेनेज, सिक्युरिटी. सोसायटीत राहा, सुखी राहा.

मिरचीकांडप | १० जून, दुपारी ३:५१

सोसायटीत फणस आहे का?

कळंब्याची_सून | १० जून, रात्री ९:१५

मी अशाच घरात अकरा वर्षं राहिलो, त्यामुळं पायऱ्यांचं सांगतो. लोक म्हणतात जिना नाही, नुसत्या सहाच पायऱ्या आहेत. पण दुमजली घरात माणूस दिवसातनं चारदा वर जातो, या घरात चाळीसदा. कुकरची शिट्टी स्वयंपाकघरात, फोन वर, पोरगं खाली. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना देवघर वर आणि बाथरूम खाली, बिचाऱ्या सकाळी आंघोळ करून वर गेल्या की दुपारपर्यंत खाली यायच्या नाहीत. शेवटी आम्ही देवघर हॉलमध्ये आणलं आणि हॉलच्या कोपऱ्यात छोटं संडास-बाथरूम काढलं. तुमच्या आईला हॉलच्याच पातळीवर झोपायची जागा आणि बाथरूम निघतंय का ते आधी बघा, बाकी सगळं नंतर. निघत नसेल तर मी तरी घेणार नाही.

एक चांगलंपण सांगतो. आवाज वाटला जातो. पोरं खाली दंगा करतात, वर कळत नाही, पण हाक मारली तर सगळ्यांना ऐकू जाते. आणि उन्हाळ्यात ती खालची खोली म्हणजे माठ. मे महिन्यात अख्खं घर तिथं दुपारी आडवं.

पुणेकर_सध्या | १० जून, रात्री ९:४०

दादा, पण तुमच्याकडे ओल नव्हती का?

कळंब्याची_सून | १० जून, रात्री ९:५८

दादा नाही हो, ताई. आयडी वाचा की. आमच्या कोल्हापुरात बायका "मी आलो, मी गेलो"च म्हणतात. ओल होती, पण आमच्या मामंजींनी मागच्या अंगाला चर खणून ठेवलेली, दरवर्षी मृगाच्या आधी ती साफ करायची म्हणजे करायचीच.

मेपलखालून | ११ जून, पहाटे ४:२५

मूळची राजारामपुरीची, सध्या न्यू जर्सीत, म्हणून ही वेळ. आमचं घर १९६२ चं स्प्लिट लेव्हल आहे, अर्धा एकर जागा, म्हणजे तुमच्या भाषेत २० गुंठे. अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकात ही घरं धडाधड बांधली गेली, उताराची जागा सपाट करत बसायला नको आणि कमी जागेत जास्त खोल्या. आता इथे ती जुनाट समजतात, म्हणून आम्हाला परवडलं.

मला आलेला अनुभव: वरच्या खोल्या तापतात आणि खालची गार पडते, मधल्या मजल्यावर थर्मोस्टॅट असल्याने कोणीच खूष नसतं. खालच्या खोलीला इथेही ओलीचाच त्रास, पंप बसवलेला आहे. घेताना रेडॉन वायूची तपासणी केली, कारण तो जमिनीतून खालच्या मजल्यात साठतो, आणि १९७८ च्या आधीचं घर म्हणून रंगात शिसं आहे का हेही बघितलं. तुमच्याकडे हे कोणी बघत नाही, पण अडगळीच्या खोलीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, फोडाफोडी करताना सांभाळा.

मोठ्या जागेचं म्हणाल तर पहिलं वर्ष कौतुकात जातं, पुढं शनिवार सगळा गवतात. तिथे गवत पावसाळ्यात किती वाढतं ते आठवतंय मला.

उतारावरचा | ११ जून, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. नळी लावून बघितली. रस्त्याची कड हॉलच्या फरशीपेक्षा १४ इंच वर आहे. चौदा! थापीभाऊ, मानलं.

वारस: आजी (मास्तरांची बायको), दोन मुलगे, दोन मुली. थोरला मुलगा सध्या तिथं राहतो आणि पुण्याला निघालाय. धाकटी मुलगी बेळगावला दिलेली आहे. एजंटला विचारलं तर म्हणाला, "बहिणींचं काही नाही, त्या देतात सही." खरेदीखत, तुमचीच आठवण आली, मी फोनवरच हसलो, त्याला कळेना काय झालं.

खरेदीखत | ११ जून, रात्री १०:४१

🙂 फोन नंबर घ्या आणि त्या ताईंशी स्वतः बोला. एजंटच्या मार्फत नको.

बिल्डरचा_भाचा | १२ जून, सकाळी ८:०२

अजून सांगतो, पाडा.

थापी_ओळंबा | १२ जून, सकाळी ८:३०

पाडायचं की ठेवायचं ते स्लॅब सांगंल. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, ८२ ला थोडं खुलं झालं, त्यामुळं त्या काळातल्या घरात माल कुठं कंजुषीनं पडलाय आणि कुठं मास्तरानं पदरचं घालून दाबून केलंय हे घरोघरी वेगळं. छोटा हातोडा घेऊन स्लॅबला खालनं टकटक करत फिर. टणटण वाजलं तर बरं, भद्द वाजलं तिथं सळीवरचं काँक्रीटचं कव्हर सुटलंय. सज्जे आणि बाथरूमखालचा स्लॅब आधी बघ, सळी गंजायला तिथनंच सुरुवात होते, गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीट ढकलून पाडते. पण हे आपलं घरगुती झालं. एवढे पैसे घालतोयस तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलव, तो काँक्रीटची ताकद बघायला रिबाउंड हॅमर लावंल, लागलं तर अल्ट्रासॉनिक टेस्ट करंल.

त्याला एक नक्की विचार, स्लॅब तीन पातळ्यांवर आहेत तर दारं-खिडक्यांच्या वरचा काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरनं सलग फिरलाय का. सपाट घरात स्लॅब सगळ्या भिंतींना एकत्र धरून ठेवतो. अर्ध्या मजल्याच्या घरात मधल्या भिंतीला एका अंगानं एका उंचीवर धक्का आणि दुसऱ्या अंगानं दुसऱ्या उंचीवर. आमचा आज्जा ६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर पाटणकडं कामाला गेलता, तो म्हणायचा घर पडतंय ते जिथं दोन उंच्या भेटतात तिथनं.

आडवाट | १२ जून, दुपारी १२:१५

पाण्याचं कुणी विचारलंच नाही. पुराचं पाणी नको म्हणून उंचावर चाललाय, ठीक, पण उंचावर प्यायचं पाणी चढायला पाहिजे की नाही. त्या बाजूला उन्हाळ्यात टँकर बघितलेत मी. नळ किती दिवसाआड येतो ते एजंटला नको, शेजारणीला विचारा, आणि एप्रिल-मेचं विचारा. बोअर असेल तर मेमध्ये चालतं का, विहीर असेल तर कुणाकुणाची. ड्रेनेज लाईन आहे की सेप्टिक टँक, आणि टँक असेल तर उताराच्या कुठल्या अंगाला.

उतारावरचा | २५ जून, रात्री ११:५५

मंडळी, आज गेलतो. दुपारी तीनपासनं असला पाऊस लागला की बायको म्हणाली आत्ताच निघा. मी, छत्री आणि मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत.

गेटबाहेर उभा राहिलो. रस्त्यावरनं पाणी येतंय ते थेट गेटाखालनं आत, दोन पायऱ्या उतरून अंगणात, हॉलच्या भिंतीला लागून तुळशीवृंदावनापर्यंत. आणि वृंदावनापाशी गायब. म्हणजे पलीकडं जातच नाही. मी पाच मिनिटं बघत उभा, पाणी येतंय येतंय आणि तिथं जमीन गिळतीय. चप्पलनं दाबलं तर पाऊल आत गेलं.

मग खाली खोलीत गेलो. त्यांच्या सूनबाई घरी होत्या, चांगल्या आहेत, चहा दिला (थापीभाऊ, बाहेर उभा राहून झाल्यावरच प्यायलो). भिंत आणि फरशी जिथं मिळते तिथं एक जुना टॉवेल लांब घडी घालून भिंतीला लावून ठेवलेला. त्याचा रंग आणि भिंतीचा रंग एकच झालाय. मी विचारलं हे काय, तर म्हणाल्या "ते व्हय, ते पावसाळ्यात असतंयच." टॉवेल उचलला. पाऊस सुरू होऊन चाळीस-पन्नास मिनिटं झाली असतील, फरशीच्या सांध्यातनं पाण्याचे थेंब एका रेघेत वर यायला लागलेले, मुंग्यांची रांग निघाल्यागत. त्यांनी शांतपणे टॉवेल बादलीत पिळला आणि परत लावला. एजंट हे कधी बघणार.

इंजिनिअरचा रिपोर्ट पण आला. मुख्य स्लॅब चांगला, वरच्या बाथरूमखाली आणि दोन सज्ज्यांना सळी उघडी पडलीय, ते तोडून नवीन करायला लागणार. पट्टा हॉल आणि वरच्या भागात आहे, खालच्या खोलीला नाही. तिथं कोपरे बांधून घ्यायला सांगितलंय. त्याचं म्हणणं घर पाडण्यासारखं नाही. पाणी थांबवलं नाही तर दहा वर्षात होईल.

शेजारच्या काकूंना पाण्याचं विचारलं. नळ तीन दिवसाआड, मेमध्ये भरवसा नाही, टँकर मागवतात. बोअर आहे पण मेच्या शेवटी तासाभरात दम टाकतं. सेप्टिक टँक खालच्या अंगाला, हे एक नशीब.

थापी_ओळंबा | २६ जून, सकाळी ६:४०

सापडलं की मग! आता दुखणं कुठं आहे ते माहीत आहे, म्हणजे अर्धं काम झालं. रस्ता आणि हॉल याच्यामध्ये आडवी चर मार, तीन-साडेतीन फूट खोल, जोत्याच्या पायाच्या खाली जायचं नाही आणि पायाला लागून खणायची नाही, अंतर ठेवायचं. तळाला भोकं पाडलेला पाईप, त्यावर खडी, दोन्ही बाजूला उतार देऊन घराला वळसा घालून मागं बागेत सोड. गेटला आडवी जाळीची गटार वेगळी. भराव वाळायला एक अख्खा उन्हाळा दे. आतलं प्लास्टर आत्ता अजिबात नको.

आणि हो, तुझी चर बरोबर त्या वृंदावनाखालनं जाणार.

बिल्डरचा_भाचा | २६ जून, सकाळी ९:१०

चर मारा, कोपरे बांधा, बाथरूम तोडा, सज्जे तोडा. आणि शेवटी पायऱ्या आहेत त्या आहेतच. असो.

खरेदीखत | २६ जून, दुपारी २:००

रिपोर्ट, टॉवेलचा फोटो आणि टँकरचा हिशोब घेऊन बसा किमतीला. बँकेचंही आत्ताच विचारा. कर्ज ७५ लाखाच्या वर गेलं की ते घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के, आणि तेही बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेल्या किमतीवर, तुम्ही ठरवलेल्या नव्हे. स्टॅम्प ड्युटी त्यात धरत नाहीत, ती खिशातून. रजिस्ट्रेशन फी १ टक्का पण ३०,००० च्या वर नाही. फक्त वहिनींच्या नावावर घेतलंत तर ड्युटीत १ टक्का सवलत. व्यवहार ५० लाखाच्या वरचा आहे म्हणून १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा आयकर) तुम्ही कापून भरायचा, आणि विकणारे पाच असल्याने प्रत्येकाचा वेगळा. लोक हे विसरतात आणि दोन वर्षांनी नोटीस येते.

उतारावरचा | १९ जुलै, रात्री १०:०५

थोडं मागंपुढं झालं. मोजणी झाली, जागा पावणेआठ भरली, पाव गुंठा रस्त्यात गेलाय. जाहीर नोटीस दिली, अकराव्या दिवशी खालच्या अंगाचे एक गृहस्थ आले, म्हणाले तुमच्या बागेतनं आमची विहिरीकडं वहिवाट आहे. मला घामच फुटला. वकिलांनी लेआउट काढला, त्यात ती तीन फुटी पाऊलवाट हद्दीबाहेरनं दाखवलीय, रामफळाच्या पलीकडनं. मास्तरांनी कुंपण पुढं घेतलेलं. म्हणजे चूक आमच्याच (होणाऱ्या) बाजूची निघाली. कुंपण मागं घेऊन देतो म्हणालो, गृहस्थ खूष, जाताना विहिरीचं पाणी मेमध्ये वापरा म्हणाले. फुकटात पाण्याची सोय.

बेळगावच्या ताईंना फोन केला. त्या अर्धा मिनिट काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, घर विकायला काढलंय हे मला तुमच्याकडनं कळतंय. पैशाचं विचारलं नाही. एवढंच विचारलं की वृंदावन आहे का अजून. ते त्यांच्या लग्नाच्या वर्षी वडिलांनी घडवून घेतलेलं, काळ्या दगडाचं, चारी बाजूंना दिवळ्या.

मला त्यांना चरीचं सांगायला लागलंच. म्हटलं ताई, घर टिकवायचं तर ते तिथनं हलवायला लागणार आहे. म्हणाल्या, मग मी नेते.

कळंब्याची_सून | १९ जुलै, रात्री १०:२०

अगं बाई. वाचताना डोळ्यात पाणी आलं.

खरेदीखत | १९ जुलै, रात्री १०:३५

सही झाली का पण?

उतारावरचा | ४ सप्टेंबर, सायंकाळी ७:४५

झाली. पाच लिहून देणार, एक लिहून घेणार (बायको, सवलतीसाठी नाही, ती म्हणाली माझ्या नावावर पाहिजे म्हणून. बरं सवलतपण मिळाली). १ कोटी ५२ ला ठरलं. टॉवेलच्या फोटोनं सगळ्यात जास्त काम केलं, इंजिनिअरचा रिपोर्ट थोरल्या भावानं वाचलापण नाही, फोटो बघून मात्र बराच वेळ गप्प बसला.

ताई आल्या त्या छोटा हत्ती घेऊनच. चौघांनी उचललं वृंदावन. खालची माती चिखल होती, दगडाला तळाला पांढऱ्या क्षारांचा थर. थापीभाऊ, खाली बोळ होता, घुशीनं केलेला का पाण्यानं कुणास ठाऊक, हात कोपरापर्यंत आत गेला.

मिरचीकांडप | ४ सप्टेंबर, सायंकाळी ७:५२

फणस कुणाकडं?

उतारावरचा | ४ सप्टेंबर, सायंकाळी ७:५५

आमच्याकडं. तोडायचा झाला तरी परवानगी लागते म्हणे, तेव्हा तो आमच्याकडंच.

पुणेकर_सध्या | २१ जून, सकाळी १०:३०

जुना धागा वर काढतोय. पुढे काय झालं? (विचारायचं कारण, आम्हीपण पन्हाळा रोडला एक बघतोय. हसू नका.)

उतारावरचा | २१ जून, रात्री ९:४०

हसत नाही, या कोल्हापूरला.

डिसेंबरात चर मारली. थापीभाऊ स्वतः येऊन उभे राहिले दोन दिवस, पैसे घेतले नाहीत, तांबडा-पांढरा मात्र पोटभर हाणला. बाथरूम आणि सज्जे केले, कोपरे बांधले, आईसाठी हॉलच्या बाजूची पडवी बंद करून खोली आणि कमोड काढला. हिशोब विचारू नका, घर फुकट म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून बिलं दाखवणाराय. एप्रिल-मेमध्ये सात टँकर आणि शेजारच्यांची विहीर. गवताचं मेपलखालून म्हणाल्या ते खरं आहे, शनिवार गेला माझा.

आई अजून पेपरात बंधाऱ्याची पातळी बघते. आता कशाला म्हटलं तर म्हणते, नागाळा पार्कातल्या बायकांना फोन करायचा असतो.

परवापासनं पाऊस आहे. खालच्या खोलीत दोनदा जाऊन आलो, सांधा कोरडा. भिंत कमरेपर्यंत अजून काळपट आहे पण हाताला गार लागत नाही. प्लास्टर करून घेऊ का आता? कामगार मोकळे आहेत.

थापी_ओळंबा | २१ जून, रात्री ९:५८

अजिबात नाही. जूनचा पाऊस काय पाऊस असतो व्हय? जुलै जाऊ दे, ऑगस्ट जाऊ दे. प्लास्टर दिवाळीनंतर.

उतारावरचा | २१ जून, रात्री १०:०१

बरं. टॉवेल मग तिथंच ठेवतो.